शुक्रवारची काठी

तीन्वार, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९६

प्रिय हैबल्ला,

सलाम आणि पोटभर दुवा.

पाण्याच्या टँकरबरोबर ब्राहीमनं तुझं पुडकं आणून दिलं. हिरवा चहा, साखरेची ढेप, सुया, दोरा आणि हे कागद. अल्लाह तुझ्या हाताला बरकत देवो. ढेप मी अजून फोडलेली नाही. तुझे दाजी म्हणाले, "हैबल्लानं ही नुसती बघायला पाठवली आहे का?" मी म्हटलं, बघूनही गोड वाटतंय, दोन दिवस तसंच वाटू दे.

अक्षर बारीक काढते आहे, रागावू नकोस. शाळेत गुरुजी मला म्हणायचे, तेस्लेम, समास मोकळा सोड, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा लागते. पण नुआदिबूहून वाळवंट तुडवत आलेला कागद कोरा ठेवायचा म्हणजे मला अन्न टाकल्यासारखं वाटतं. तेव्हा समासही भरणार आहे.

आता घरची आणि तीन्वार गावची बातमी. मामंजी उन्हाळ्यात गेले, तेव्हा तू येऊन गेलासच. त्यांची डॉल्फिनना साद घालायची काठी कुणाच्या हाती द्यायची, यावर गावचे वडीलधारे म्हणून लेहबीबकाकांनी सगळ्यांना चहाला बसवलं. तीन पेले झाले. मग काकाच म्हणाले, "बापाची काठी मुलाकडे. मेसूदला पाणी ओळखतं." जाळं धरणाऱ्यांपैकी स्वैलेमला ती स्वतःला हवी होती, पण त्यानं मान डोलावली. तुझे दाजी रात्रभर काठी उशाशी घेऊन झोपले. मला म्हणाले, "जड आहे गं." इतकी वर्षं घरात होती, तेव्हा कधी जड नव्हती.

गेल्या आठवड्यात पहिली बोय मासळी आली. लांबून पाणी काळं दिसलं, सगळे जाळी खांद्यावर टाकून पळाले. हे मांडीभर पाण्यात उभे राहिले आणि काठीनं पाणी बडवायला लागले. मामंजींची होती तीच चाल: तीन जड, एक हलकी. आम्ही बायका वाळूवर सुऱ्या घासत बसलेलो. डॉल्फिन काही आले नाहीत. बाहेरून तेच जर बोयीला किनाऱ्याकडे ढकलत आणणार नाहीत, तर जाळं धरून काय करायचं? मासा आमच्या डोळ्यांदेखत निघून गेला. असं तीनदा झालं.

लोक हसले, वाईट मनानं नाही. "डॉल्फिन सुतकात असतील," असं कुणीसं म्हणालं. लेहबीबकाकांनी हंगामभराची सवड दिली आहे. तोवर ते आले तर काठी आमच्या घरात. नाही आले तर दुसऱ्या हातात जाईल, आणि मग तुझे दाजी या किनाऱ्यावर मान वर करून राहतील असं मला वाटत नाही.

तुझं काम कसं आहे ते लिही. वर्कशॉपमध्ये हात सांभाळ.

तुझी ताई,
तेस्लेम


नुआदिबू, बुधवार, २० नोव्हेंबर

ताई,

सलाम. पत्र मिळालं. समास वाचायला कागद चारही बाजूंनी फिरवावा लागला, मान दुखते आहे.

मी मजेत. काम भरपूर, पगार वेळेवर. माझ्या हाताखाली एक मोठं डिझेल इंजिन आहे, बैलासारखं हट्टी, पण माझं ऐकतं. झैनबूच्या वडिलांशी बोलणं झालं आहे. या कामाचे पैसे मिळाले की उन्हाळ्यात निकाह, असं ठरतंय. तू येशील तेव्हा तुला समुद्राकडे तोंड असलेली खोली देतो.

दाजींना सांग, काठी अशी बडवा की जणू खाली माझं डोकं आहे. लहानपणी त्यांची होडी मी खडकावर चढवली होती, ते आठवलं तर हात आपोआप चालेल. आणि डॉल्फिन कुठे जातात? भूक लागली की येतील. मीही तसाच यायचो तुझ्याकडे.

ढेप फोड आता.

हैबल्ला


तीन्वार, सोमवार, २ डिसेंबर

प्रिय हैबल्ला,

सलाम, आणि अल्लाहचे लाख आभार. ते आले.

पंधरा नोव्हेंबरला, शुक्रवारी, जुम्याच्या नमाजेनंतर. आम्ही आशाच सोडली होती. हे नमाजेहून तसेच किनाऱ्याला गेले, काठी उचलली, आणि पाच-सात वेळा बडवली असेल नसेल, तोच बाहेरच्या बाजूला पाठी दिसल्या. पाठोपाठ बोय उड्या मारत जाळ्यावर आली. स्वैलेमच्या तोंडावरच एक बसली. मी कापायला बसले ती संध्याकाळपर्यंत. माशांच्या पोटात गाबोळी अशी भरलेली की सुरी लावायला जीव होत नव्हता. मिठाच्या हातानंच मी तिथे वाळूवर सजदा केला, पाणी आणि मीठ दोन्ही कपाळाला लागलं.

पण शनिवारी नाही. रविवारी नाही. सगळा आठवडा नाही. बावीस तारखेच्या शुक्रवारी वारा होता, पाण्यावर काही दिसलंच नाही. एकोणतीसच्या शुक्रवारी पुन्हा आले. मधल्या दिवसांत मासा दोनदा दिसला, काठी बडवली, आणि कुणी आलं नाही.

तेव्हा गावात एकमत झालं की ही जुम्याची बरकत आहे. मलाही तसंच वाटतं, खोटं कशाला सांगू. आता बाकीच्या दिवशी काठी उचलताना ह्यांच्या हातात जोरच नसतो. पण आठवड्यातल्या एका दुपारच्या माशावर तीस घरं वर्ष काढणार कशी? सुकवायच्या दोऱ्या अर्ध्या रिकाम्या आहेत. आणि स्वैलेमची जीभ गप्प बसत नाही. शुक्रवारी रात्री चहाला म्हणाला, "मेसूद, शुक्रवारी तुझा हात पाक असतो ते दिसलं. बाकीचे सहा दिवस त्या हातानं काय करतोस?"

सगळे हसले. हे हसले नाहीत.

तुला माहीत आहे, पाण्यात उतरण्याआधी मनात कुणाबद्दल काही ठेवायचं नाही अशी आपली रीत. तर हे दुसऱ्या दिवशी घरोघर गेले. प्रत्येकाच्या दारात उभं राहून म्हणाले, "माझं काही चुकलं असेल तर माफ कर." स्वैलेमकडेही गेले. तो ओशाळला, म्हणाला, "अरे, मी थट्टा करत होतो." तरीही रविवारी कुणी आलं नाही.

आता ह्यांचं जेवण निम्मं झालं आहे. काल मला म्हणाले, "हैबल्लाला लिही, बंदरावर माशांचे खोके उचलायचं काम असेल तर मी येतो." या माणसानं आयुष्यात बंद दाराच्या घरात झोप घेतलेली नाही. तिथे ते कसे राहतील? पण त्यांनी लिही म्हटलं म्हणून लिहिते.

तुझ्या निकाहाचं वाचून डोळे भरले. आईवडील असते तर. तूच आता माझं माहेर आहेस, आणि अल्लाहनं ते धडधाकट ठेवलं आहे.

तुझी ताई


नुआदिबू, शुक्रवार, १३ डिसेंबर

ताई,

सलाम. गडबडीत लिहितो आहे.

दाजींना इकडे पाठवू नकोस. काम नाही. असलं तरी पाठवू नकोस.

दोन गोष्टी नीट आठवून कळव. शुक्रवारी डॉल्फिन नेमके किती वाजता आले आणि किती वाजता गेले? आणि मधल्या एखाद्या दिवशी, शुक्रवार नसताना, ते चुकूनही आले का?

का विचारतो ते नंतर सांगेन. चहा पाठवला आहे. शिडाला लावलेलं निळं ठिगळ वाऱ्यात टिकेल ना? दोरा दुहेरी घ्यायला हवा होता.

हैबल्ला


तीन्वार, रविवार, २२ डिसेंबर

प्रिय हैबल्ला,

सलाम आणि दुवा. चहा मिळाला, आभार.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी. ते नमाज संपल्यावर लगेच येतात आणि दुपार कलताना, असरच्या अजानीच्या सुमारास निघून जातात. सहा, तेरा आणि वीस तारखेलाही तसंच झालं. असर झाली की कुणीतरी आतून बोलावल्यासारखे सगळे एकदम वळतात. तुझे दाजी म्हणतात, "नमाजेची वेळ माणसांपेक्षा ते चांगली पाळतात." शुक्रवार सोडून एकदाही आले नाहीत. पोळ्यांचं पीठ मोजून घेणारी बाई आहे मी, हे नक्की लक्षात ठेवलं आहे.

आता माझा प्रश्न. ते निळं ठिगळ मी पाच डिसेंबरला लावलं, माझा नेसायचा जुना मेल्हफा फाडून. त्या दिवसापासून तुझं पत्र येईपर्यंत ब्राहीम सोडला तर गावात कुणी आलं नाही, आणि तो होड्यांकडे फिरकतसुद्धा नाही. मी तुला ठिगळाबद्दल लिहिलं नव्हतं. आमची होडी भूशिराच्या टोकापर्यंत जाते, त्यापलीकडे नाही.

तू नुआदिबूत नाहीस.

मी रागावले नाही. तू कुठे आहेस एवढंच सांग. आपल्यात दोघांत लपवायला कुणी तिसरं उरलेलं नाही.

इकडे लेहबीबकाकांनी निर्णय बदलला. त्यांचंही बरोबर आहे, घरं उपाशी ठेवून सवड देता येत नाही. रमजानच्या चंद्रापर्यंत काठी आमच्याकडे, मग स्वैलेमकडे. हे ऐकून तुझ्या दाजींनी काठी तेल लावून पुसली आणि कोपऱ्यात उभी केली, पाहुण्याला द्यायची असल्यासारखी.

तुझी ताई


पडावावरून, रविवार, २९ डिसेंबर

ताई,

तुला सलाम लिहायलाही लाज वाटते आहे.

मी ऑक्टोबरपासून भूशिराच्या पलीकडे नांगरून ठेवलेल्या एका लोखंडी पडावावर आहे. पुढेमागे धक्का बांधायचा म्हणून इथे समुद्राच्या तळाला भोकं पाडून खालची माती तपासतात. भोक पाडायचं यंत्र ज्या इंजिनावर चालतं, ते माझं. पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत. तुझी पत्रं वर्कशॉपच्या पत्त्यावरून डिझेलच्या पिंपांबरोबर शनिवारी इथे येतात. होडीचं शीड मला इथून दिसतं. सहा तारखेला त्यावर निळं दिसलं आणि मला इतका आनंद झाला की लिहून गेलो.

का लपवलं ते तुला ठाऊक आहे. आपल्या अब्बांनी प्राण सोडताना माझा हात धरून म्हटलं होतं, "पोटासाठी कुठलंही काम कर, पण आपल्या पाण्यात इंजिन आणू नकोस." मी मनाला सांगितलं, पडाव आपल्या पाण्याबाहेर आहे. नकाशावर तो बाहेरच आहे. झैनबूच्या वडिलांना मी तारीख देऊन बसलो होतो आणि हा पगार दुप्पट होता.

आता ऐक. कामावर घेताना मी इथल्या मुकादमाला, एवारिस्तोला, एकच अट घातली होती. शुक्रवारी नमाजेपासून असरपर्यंत माझ्या हातून इंजिन चालणार नाही. तो कॅनरी बेटांवरचा, हसला आणि म्हणाला, "बरं, तेवढ्यात तेल बदलत जा." आठवडाभरात दिवसाउजेडी तेवढा एकच वेळ हे यंत्र बंद असतं.

तुझं डिसेंबरचं पहिलं पत्र वाचलं तेव्हा पंधरा आणि एकोणतीस या तारखा बघून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वेळा कळल्यावर तर शंकाच उरली नाही. तरी मनात येतं, मैलोन् मैल लांब असलेलं इंजिन डॉल्फिनला कसं अडवेल? इथे हवेत तर अर्ध्या मैलावर ते नीट ऐकूही येत नाही. स्वतः कानानं ऐकल्याशिवाय मी मानणार नाही. सोमवारी, सहा तारखेला, देम्बा नावाच्या सोबत्याच्या हाती इंजिन देऊन भूशिराच्या टोकाला येतो आहे. दाजींना होडी घेऊन तिथे पाठव. का, ते त्यांना सांगू नकोस.

तोवर मला शिव्या दे, चालेल.

हैबल्ला


पडावावरून, बुधवार, ८ जानेवारी १९९७

ताई,

घरापर्यंत आलो नाही. तुझी चूल दिसत होती टोकावरून. तुझ्यासमोर उभं राहण्याआधी हे कागदावर उतरवून टाकायचं होतं. दाजींनाही म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, मी लिहितो.

आम्ही खाडीच्या तोंडाशी शीड उतरवलं. वारा पडलेला, पाणी काचेसारखं. पक्षी सोडले तर कुठे आवाज नव्हता. मी दाजींना म्हटलं, "वल्हं द्या." अब्बा लहानपणी शिकवायचे तसं वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांड्याला कान लावला.

ताई, ते माझं इंजिन होतं. कुठलंतरी इंजिन नाही, माझं. त्याच्या तिसऱ्या झडपेला एक ठोका आहे, मी महिनाभर तो काढायचा प्रयत्न करतो आहे, निघत नाही. तो ठोका मला माझ्या कानाच्या पडद्यावर ऐकू आला, उशाशी असल्यासारखा. हवेत शांतता, आणि पाण्याखाली मी. मध्येच भोक पाडणाऱ्या यंत्राचा दणका बसला तेव्हा मी वल्हं सोडून दिलं.

दाजींनी ते पकडलं. कान लावला. मला वाटलं आता मारतील. मग म्हणाले, "हे तुलाही ऐकू येतं?"

मी म्हटलं, "म्हणजे? तुम्हाला आधीपासून?"

"शुक्रवारची दुपार सोडली तर काठी पाण्यात टेकवली की रोज येतं. दांड्यातून हातात, हातातून दातांत. मला वाटलं, माझ्यातच काही शिरलं आहे. माझ्या अब्बाची काठी नालायक हातात गेली म्हणून शिक्षा आहे ही. तुझ्या ताईलासुद्धा बोललो नाही. ती घाबरली असती."

"अहो दाजी, दोन महिने?"

"कुणाला सांगणार? स्वैलेमला?"

आणि ताई, ते रडले. मग हसायला लागले. मला म्हणाले, "गाढवा, तुझं इंजिन आहे होय हे? मी त्या आवाजासाठी दोनदा रोजे धरले." माझ्या पाठीत एक धपाटा घातला, तो अजून दुखतो. नंतर त्यांनी होडीतच चहा केला आणि मला पहिला पेला दिला. शिक्षा म्हणून एवढंच.

मग मी त्यांना विचारलं, डॉल्फिन हा आवाज सोडून लांब का जात नाहीत? ते म्हणाले, "जातात की. म्हणूनच तर येत नाहीत. ते कानानं बघतात. तू कुणाच्या डोळ्यांपुढे दिवसभर फडकं हलवत राहिलास तर तो तुझ्या घरी जेवायला येईल का? आणि बोयसुद्धा बिचकते. पूर्वी सावकाश यायची, आता आली की पळते."

उद्या एवारिस्तोशी बोलणार आहे. नोकरी जाईल असं वाटतं. झैनबूकडे काय सांगायचं ते नंतर बघू. अब्बांना काय सांगायचं, ते मात्र मला कळत नाही.

हैबल्ला


तीन्वार, रविवार, १२ जानेवारी

प्रिय हैबल्ला,

सलाम. रमजानचा चंद्र दिसला, तुला मुबारक. हे पत्र रोज्यात लिहिते आहे, तेव्हा यात तुला बरं वाटावं म्हणून काही खोटं लिहीन असं समजू नकोस.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. मी वल्ह्याच्या जागी पोहोचले तेव्हा हे उठून बाहेर गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "तुला न सांगितल्याचा राग आला का?" मी म्हटलं, राग नाही, पण इतके दिवस एका उशीवर डोकं ठेवून तुम्ही एकटेच घाबरत होतात याचं वाईट वाटलं. मग संध्याकाळी खजूर खाल्ल्यावर ते स्वतः लेहबीबकाकांकडे गेले आणि सगळ्या लोकांसमोर सांगितलं. आवाजाचं, भीतीचं, तुझं. मी दाराशी उभी होते. एवढं बोलताना मी त्यांना लग्नातही ऐकलं नव्हतं.

काठी त्याच संध्याकाळी स्वैलेमकडे जायची होती. त्यानं काठी हातात घेतली, दुसऱ्या दिवशी सकाळी ती वल्ह्यासारखी पाण्यात धरून बघायला किनाऱ्यावर गेला, आणि परत येऊन आमच्या कोपऱ्यात ठेवली. म्हणाला, "ही मला नको. यात भुंगा आहे." मग जरा थांबून, "मेसूद, शुक्रवारचं जे बोललो ते मागे घेतो." लेहबीबकाका म्हणाले, "ईदपर्यंत काठी जिथे आहे तिथे."

आता तुझं. तुझी नोकरी सुटू नये अशी दुवा मी मागते आहे, आणि पाणी शांत व्हावं अशीही मागते आहे. दोन्ही एकत्र कसं जमायचं ते अल्लाहनं बघावं, माझ्या हिशेबात ते बसत नाही.

आणि अब्बांचं. तुझ्या लिहिण्याचा अर्थ असा की जुम्याची बरकत वगैरे काही नव्हती, तुझं इंजिन बंद होतं एवढंच. हैबल्ला, ते इंजिन बंद कशासाठी होतं? दुप्पट पगाराच्या कामाला जाताना, परक्या माणसापुढे, तू ती एक अट घातलीस. कुणी सांगितलं नव्हतं. ती नसती तर या हंगामात आम्हाला एक मासा मिळाला नसता. दोऱ्यांवर आज जी काही बोय वाळते आहे, ती त्या तीन तासांची आहे. गावाचं चुकलं नव्हतं. बरकत शुक्रवारचीच होती, फक्त ती तुझ्या हातून आली, आणि तुला ते ठाऊक नव्हतं.

अब्बांना मी हेच सांगितलं. त्यांच्या कबरीवर गेले होते.

तुझी ताई


पडावावरून, बुधवार, २९ जानेवारी

ताई,

सलाम. तुझं पत्र इतक्या वेळा उलगडलं की घडीवर फाटलं.

एवारिस्तोला सांगितलं तेव्हा तो आधी ओरडला. "मी इथे खडक मोजायला आलोय, तुझ्या मेव्हण्याचे मासे नाही." मी म्हटलं, खरं आहे, पण एकदा ऐकून या. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच लहान होडीत बसला. देम्बानं इंजिन चालू ठेवलं, आम्ही वल्ही मारत पार टोकापर्यंत गेलो. त्यानं कान लावला. हा माणूस गेली तीस वर्षं समुद्रावर यंत्रं चालवतो आहे. पडावावर चढताना म्हणाला, "माझा आजा तुमच्या लोकांना अशा शिडाच्या होड्या बांधून विकायचा." बस, एवढंच.

काम थांबवणं त्याच्या हातात नाही, वरचे लोक नुआदिबूत बसतात. पण कामाच्या वेळा त्याच्या हातात आहेत. आता रोज, शुक्रवार असो नसो, दुपारच्या नमाजेपासून असरपर्यंत सगळी यंत्रं बंद. इंजिनाखाली आम्ही जुन्या टायरचे चार थर घातले, पत्र्याला सरळ टेकत नाही आता. त्यानं किती फरक पडला ते दाजींच्या दातांनाच विचार.

बंद तासांची मजुरी मात्र सगळ्यांचीच कापली जाते. देम्बा मला म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या माशांसाठी माझा पगार?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मग मासे तरी दे." मी कबूल केलं आहे, तुला न विचारता. निकाह उन्हाळ्यातून हिवाळ्यात गेला. झैनबूच्या वडिलांनी कारण विचारलं. सांगितलं. ते जुने खलाशी, म्हणाले, "पोरगी कुणाला देतोय ते आता कळलं."

सोमवारपासून दुपारी शांत आहे. शीड दिसतं मला. पाठी मात्र इतक्या लांबून दिसत नाहीत. ते आले का, ताई?

हैबल्ला


तीन्वार, मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय हैबल्ला,

ईद मुबारक, आणि सलाम.

आठ दिवस कुणी आलं नाही. तुला कळवायचं धाडस झालं नाही, म्हणून पत्राला उशीर. रोज दुपारी हे पाण्यात उतरायचे, वल्ह्याला कान लावायचे, आणि मला किनाऱ्यावरून हात करायचे की हो, हैबल्लानं थांबवलं. मग काठी बडवायचे. मग परत यायचे. मी विचारायची नाही.

गेल्या मंगळवारी, चार तारखेला, मी तंबूत पीठ चाळत होते. बाहेर स्वैलेमचा आवाज आला, "मेसूद, आज कुठला वार?" मला वाटलं पुन्हा टोमणा. बाहेर आले तर तो गळ्यापर्यंत पाण्यात, जाळं दोन्ही हातांनी धरलेलं, आणि त्याच्यापलीकडे पाठी. सहा-सात असतील. पूर्वी वीस-वीस यायचे, तेवढे नाहीत. एक पिल्लू होतं आईला चिकटून. तुझे दाजी काठी बडवत होते, तीन जड, एक हलकी, आणि मोठ्यानं म्हणत होते, "मंगळवार आहे, स्वैलेम, मंगळवार."

त्यानंतर गुरुवारी आले, शनिवारी आले, काल आले. हंगाम संपत आला आहे, सगळ्या दोऱ्या भरणार नाहीत. पडाव अजून तिथेच आहे आणि सकाळी काठीत भुंगा असतो. पण मी नसलेलं मोजायला बसले तर आहे त्याचे आभार कधी मानू?

ईदच्या नमाजेनंतर लेहबीबकाकांनी काठी मागवली. त्यांनी ती हातात घेतली, दांड्याला कान लावला, म्हातारे आहेत, त्यांना काही ऐकू येत नाही, आणि ती परत ह्यांच्या हातात दिली. म्हणाले, "हंगामाचं आता काही नाही. तुझी आहे."

ब्राहीमबरोबर गाठोडी पाठवते. सुकी बोय देम्बासाठी, त्याला म्हणावं ऋण मोठं आहे, हे फक्त तोंडी लावायला. गाबोळीची जोडी एवारिस्तोला, त्याच्या आज्याच्या होडीचं शीड अजून चालतं आहे. दुसरी जोडी झैनबूच्या वडिलांना. तुझ्यासाठी वेगळं काही नाही. तू घरी ये आणि इथे जेव. तुझी ढेप मी शेवटी फोडली, ईदच्या दिवशी, आणि दाजींच्या पेल्यात मोजून न टाकता टाकली.

ह्यांनी तुला एक निरोप दिला आहे. दुपारी वल्ह्याला कान लावला की आता काहीच ऐकू येत नाही, आणि त्यांना ते फार आवडतं. मी म्हटलं, काही नाही हे पत्रात कसं लिहू? ते म्हणाले, "तुला येईल लिहिता."

म्हणून कागदाची खालची अर्धी बाजू आणि चारही समास तसेच सोडते आहे. मी विसरले नाही आणि हात दुखत नाही. तेवढा भाग दुपारचा आहे, तुझ्यासाठी.

तुझी ताई,
तेस्लेम